साडेसहा मिलिमीटरची घट

आमची ही म्हणते की मी संशयी आहे. ते खरं नाही. मी गोदाम तपासनीस आहे. गेली बावीस वर्षं मी निरनिराळ्या गोदामांत जाऊन पोती, पिंपं आणि खोकी मोजतो, आणि कागदावर लिहिलंय तितकं जागेवर नसलं की त्याला 'घट' असं नाव देऊन वर कळवतो. बावीस वर्षांत घट न आलेलं एकही गोदाम मला भेटलं नाही, त्याला मी काय करणार? डॉक्टरला रस्त्यातला प्रत्येक माणूस पेशंट दिसतो, त्याला कोणी संशयी म्हणत नाही. असो.

तर कपाटाची गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे येणार होते. आई गेल्यापासून दोन वर्षं ते एकटेच राहत होते आणि गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले. हे आम्हाला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं, त्यांच्याकडून नाही. आता त्यांना कायमचं इकडे आणायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. अण्णांनी काय ठरवलंय ते त्यांनी फोनवर सांगितलं.

"आठ दिवस येतो. परतीचं तिकीट काढलंय."

"आठ दिवसांनी काय आहे तिकडे?"

"घर आहे," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाईट वाटलं. ही मात्र कामाला लागली. म्हणाली, "आग्रह करून उपयोग नाही. मागच्या वेळी आले होते तेव्हा बघितलंत ना? रोज सकाळी पिशवीची चेन उघडायची, शर्ट काढायचा, चेन बंद. अहो, ज्याचे कपडे पिशवीत तो पाहुणा. त्या लहान खोलीत त्यांचं स्वतःचं कपाट हवं, ते यायच्या आत."

"बाजारात तयार मिळतं."

"त्या कोपऱ्यात तयार कपाट बसत नाही. मी मोजलंय."

आमच्या घरात माझ्याशिवाय आणखी कोणी मोजतं हे मला त्या दिवशी कळलं.

मिस्त्रींना बोलावलं. आमच्याकडचं लाकडाचं सगळं काम पंधरा वर्षं हेच मिस्त्री करतात. कमी बोलणारा माणूस. त्यांनी मान तिरकी करून कोपरा पाहिला, कानावरची पेन्सिल काढली, काहीही न लिहिता परत कानावर ठेवली आणि म्हणाले, "फूटभर खोल, सात फूट उंच. तीन प्लाय आणा."

"तीन कसे? हिशेब?"

"डोक्यात आहे."

हिशेब डोक्यात आहे, असं गोदामात कोणी म्हणालं की मी काही न बोलता मागच्या दाराकडे जातो. तिथे बहुतेक वेळा टेम्पो उभा असतो. मिस्त्री आमचेच, म्हणून मी तसं काही केलं नाही. फक्त चौकटीचा कागद घेतला, दोन संध्याकाळी बसून कपाटाचा तुकडा न् तुकडा त्यावर आखला. बाजू, फळ्या, दारं, सगळं. एकाला एक खेटून, मध्ये केसाइतकीही फट न ठेवता. आणि काय आश्चर्य! सगळं कपाट दोन प्लायमध्ये चपखल बसलं. मग तिसरं प्लाय कुठे जाणार होतं?

नेमकं हेच मी मिस्त्रींना विचारलं. जरा हसून विचारलं, म्हणजे वाईट वाटू नये. त्यांनी कागद उचलला, पाहिला आणि खाली ठेवला. त्यांच्यासमोर चहा ठेवलेला होता.

"पंधरा वर्षांत तुमच्या घरातून मी एक खिळा तरी नेलाय का?"

"मी तसं कुठे म्हणालो? मी फक्त विचारतोय."

"साहेब, कागदावर बसतंय ना? मग कागदाचंच करा." ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि गेले.

"चहा न पिता गेले," ही म्हणाली. जेवताना पुन्हा म्हणाली. भांडी आवरतानाही म्हणाली. त्यावर मी जाहीर केलं की कपाट मी स्वतः करीन, दोन प्लायमध्ये करीन, आणि अण्णा यायच्या आत करीन. तिने कपाळावर हात मारला नाही, एवढीच तिची सभ्यता.

ही बातमी समोरच्या दारापर्यंत जायला अर्धा तास लागला. समोर जे गृहस्थ राहतात त्यांना सगळी बिल्डिंग 'विश्वकोश' म्हणते. त्यांनी आयुष्यात एक खिळा ठोकलेला नाही. त्यांच्या घरातली तसबीर सात वर्षं भिंतीला टेकून उभी आहे. पण फोनवर वाचून त्यांना सगळं ठाऊक असतं.

"हातकरवतीने आठ फूट सरळ कापणार? विसरा. साधं कटर मशीन? भरकटतं. तुम्हाला हवी ट्रॅक सॉ, रुळावरची करवत. प्लायवर अॅल्युमिनियमचा लांब रूळ ठेवायचा आणि त्यावरून करवत ढकलायची. रूळ जिथे, काप तिथे. मनात आणलं तरी वाकडं जाता येत नाही."

मनात आणलं तरी वाकडं न जाणारी वस्तू या जगात आहे, हे ऐकून मला भरून आलं. माणसांत असं काही मी पाहिलेलं नव्हतं. पण लगेच दुसरा विचार आला. यांना एवढा उत्साह कशाचा? मी सहज विचारलं, "तुमचं कोणी नात्यातलं आहे का त्या धंद्यात?" विश्वकोश दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही आणि दाराच्या फटीतून चौदा मुद्द्यांचा कागद आत सरकला.

तो कागद घेऊन मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार किडकिडीत होता, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. त्याने काउंटरवर तीन करवती मांडल्या आणि विचारलं, "काय करायचंय?"

"एक कपाट."

"एकच? मग ही सगळ्यात साधी घ्या. जास्तीची घेऊन काय करणार?"

दुकानदार आपण होऊन स्वस्त वस्तू पुढे करतो तेव्हा शहाण्या माणसाने खिसा घट्ट धरावा. ती करवत बहुधा बरेच दिवस पडून असणार. सगळ्यात भारी होती तिला तर मी हातही लावला नाही, कारण तिच्याकडे तो मुद्दाम बघत नव्हता. मी मधली घेतली. तिची त्याने स्तुती केली नव्हती आणि निंदाही केली नव्हती. घेण्याआधी पात्याची जाडी मोजून वहीत टिपून ठेवली. दोन पूर्णांक दोन मिलिमीटर. का टिपली ते विचारू नका, मी सगळंच टिपतो.

मग रूळ. दुसऱ्या कंपनीचा रूळ चांगला दिसत होता, तो मागितला तर म्हणाला, "बसेल, पण डुलेल. प्रत्येक कंपनीची खाच वेगळी असते." मी म्हटलं, दाखवा. त्याने ठेवून दाखवला. करवत डुलली. म्हणजे सगळ्या कंपन्या यात सामील आहेत, एवढाच त्याचा अर्थ. निमूटपणे त्याच कंपनीचा रूळ घ्यायचं ठरवलं.

"आठ फुटांच्या प्लायला दहा फुटांचा रूळ लागतो," दुकानदार म्हणाला. "एकसंध घ्या, नाहीतर पाच-पाचचे दोन घेऊन जोडा. तुमची लिफ्ट केवढी आहे?"

आता बघा. मी आलोय रूळ घ्यायला, आणि हा विचारतो लिफ्ट केवढी. एकाऐवजी दोन रूळ, वर जोडायच्या पट्ट्या, वर त्या पट्ट्यांचे स्क्रू. डाव माझ्या लगेच ध्यानात आला. "लिफ्टचं तुम्ही माझ्यावर सोडा," मी म्हणालो आणि एकसंध रूळ घेतला.

लिफ्ट सात फुटांची निघाली. तिरका करून पाहिला, उभा करून पाहिला. मग जिन्याने निघालो. पहिल्याच वळणावर रुळाचं एक टोक भिंतीत आणि दुसरं कठड्यात अडकलं, आणि मी मधल्या त्रिकोणात. वीस मिनिटं तो वर जाईना की खाली येईना. माणसं रुळाखालून वाकून जात होती आणि जाताना सल्ले देत होती. कोणी म्हणे उभा करा, कोणी म्हणे आडवा करा. वरच्या पायरीवरून विश्वकोश म्हणाले, "तत्त्वतः जायला हवा." तेवढ्यात भिंतीचा पोपडा निघाला आणि त्याच्या आवाजाने सेक्रेटरी खाली आले.

आमचे सेक्रेटरी कागदावाचून श्वास घेत नाहीत. त्यांनी रुळाकडे पाहिलं, पोपड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे लाकूडकाम तुम्ही घरात करणार?"

"छे, पार्किंगमध्ये. घरात आठ फुटांचं प्लाय पसरायला जागा कुठे आहे?"

"काम पार्किंगमध्ये करणार, तर हा वर कशाला नेताय?"

जिन्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. खाली ठेवला तर चोरीला जाईल, हे माझं उत्तर होतं. पण पार्किंगचा वॉचमन खालच्या पायरीवर उभा राहून ऐकत होता, आणि त्याच्यावरही माझा थोडा संशय असल्यामुळे मला ते मोठ्याने बोलता येईना. मी नुसतं "हं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रूळ बदलून पाच-पाचचे दोन आणले, पट्ट्या आणि स्क्रूंसकट. दुकानदार एक अक्षर बोलला नाही. "मी म्हणालो होतो ना," असं तो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

पार्किंगमध्ये मशीन चालवायला परवानगी हवी, म्हणून सेक्रेटरींकडे अर्ज नेला. छापील अर्जात दोनच रकाने होते, दुरुस्ती आणि व्यवसाय.

"यातलं काय?"

"कपाट."

"तसा रकाना नाही. दुरुस्ती असेल तर कारागिराचं नाव आणि अनुभव लिहा."

"कारागीर मीच. अनुभव नाही."

"मग दुरुस्ती होत नाही. व्यवसाय धरला तर सगळ्या सभासदांच्या सह्या लागतील."

दोन बैठका झाल्या. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी लावून 'इतर' असा तिसरा रकाना आखला आणि शनिवार-रविवार, सकाळी अकरा ते एक, अशी परवानगी दिली. खाली लाल शाईत लिहिलं, 'अर्जदाराच्या बोटांना संस्था जबाबदार राहणार नाही.' सह्या, शिक्के आणि पोपड्याचा लेखी खुलासा यांत शुक्रवार उजाडला. शुक्रवारी अण्णा आले.

एक पिशवी घेऊन आले. पूर्वीपेक्षा वाळलेले दिसत होते, आणि डावा पाय जपून टाकत होते. हिने त्यांना खोली दाखवली, रिकामा कोपरा दाखवला आणि इथे तुमचं कपाट होतंय असं सांगितलं.

"कशाला?" अण्णा म्हणाले. "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि पिशवी पलंगाखाली सरकवली.

शनिवारी अकराला मी पार्किंगमध्ये पहिलं प्लाय पसरलं, रूळ जोडला आणि तो हलू नये म्हणून शिकंजे आवळले. अण्णा जवळच खुर्ची टाकून बसले. ते स्वतः चाळीस वर्षं शिंपीकाम केलेले, त्यामुळे कापण्याच्या कामात त्यांना गोडी. मी करवत सुरू केली आणि ढकलली. सरळ! लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी अभिमानाने अण्णांकडे बघणार, तेवढ्यात जमिनीवर काहीतरी काळं दिसलं. रुळाच्या कडेला जी काळी रबरी पट्टी असते, तिच्यातून एक लांब बारीक दोरा कापला जाऊन खाली पडला होता. करवतीने स्वतःचाच रूळ खाल्ला होता! तोही नवा कोरा रूळ, पहिल्याच फेरीत.

मी ताबडतोब काम थांबवलं. दोरा पाकिटात घातला, पाकिटावर तारीख, वेळ आणि 'नमुना क्रमांक एक' असं लिहिलं, साक्षीदार म्हणून वॉचमनची सही घेतली. अण्णांनाही पेन दिलं. त्यांनी ते परत माझ्या खिशाला लावलं.

दुकानात गर्दी होती. मी पाकीट काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने गळ्यातला चष्मा नाकावर चढवून दोरा पाहिला, मग मला पाहिलं.

"अहो, ती पट्टी मुद्दामच रुंद देतात. पहिल्या वेळी करवत तिला आपल्या मापाने कापून घेते. आता त्या पट्टीची कड म्हणजेच तुमच्या कापाची रेघ. खुणेवर कड ठेवली की झालं. पुस्तकात लिहिलंय."

मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. एकाने तर दोरा हातात घेऊन पाहिला. पुस्तक मी वाचलं होतं. पण त्यात हमीच्या अटींची बारीक टाइपातली अकरा पानं होती आणि वापरायच्या पद्धतीची दोन. माझं सगळं लक्ष अकरा पानांवर होतं. घरी येताना मान वर करवत नव्हती, आणि परत पोचेपर्यंत एक वाजून गेला होता.

रविवारी मात्र कामाला रंग चढला. प्रत्येक प्लायची रुंदी चार फूट. तीन काप मारले की फुटा-फुटाच्या चार पट्ट्या. मी मोजून खूण करत होतो, कड खुणेला लावत होतो, कापत होतो. दोन्ही प्लाय एकच्या आत कापून झाले. एकही काप वाकडा नाही. अण्णा नुसतं "हं" म्हणाले, पण त्यांचं "हं" मला लहानपणापासून ओळखता येतं. ते चांगलं "हं" होतं.

मग सवयीप्रमाणे मी सगळ्या पट्ट्या पुन्हा मोजल्या. पहिल्या तीन बरोबर. चौथी साडेसहा मिलिमीटरने कमी.

दुसऱ्या प्लायची चौथी मोजली. साडेसहा मिलिमीटरने कमी.

माझ्या अंगावर काटा आला. एका ठिकाणी घट आली तर चूक असू शकते. दोन ठिकाणी हुबेहूब तेवढीच घट येते तेव्हा त्यामागे पद्धत असते. मी दुसरी टेप आणली, तिने तेच सांगितलं. अण्णांची शिंपीकामाची टेप मागून घेतली, तीही तेच सांगत होती! सोमवारी अर्धी रजा टाकून मी पुन्हा दुकान गाठलं, कारण प्लायही तिथूनच घेतलं होतं. चार फुटांचं म्हणून दिलेलं प्लाय चार फुटांचं नाही, हे मी चारचौघांत, स्पष्ट शब्दांत सांगितलं.

दुकानदाराने पाच नवी प्लाय काढून माझ्यासमोर आडवी पाडली आणि टेप माझ्याच हातात दिली. पाचही भरली.

"मग माझीच दोन कमी कशी?"

"कापायच्या आधी मोजली होती का?"

"होती."

"किती भरली?"

"चार फूट."

"मग?" तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हे उडवाउडवीचं उत्तर झालं. संध्याकाळी मी पार्किंगमध्ये पट्ट्यांशेजारी बसून रीतसर घट अहवाल लिहायला घेतला. संशयित म्हणून दुकानदार, वॉचमन आणि टेप तयार करणारी कंपनी अशी तीन नावं घातली. वॉचमनने रात्रीतून प्लायच्या कडा तासल्या असतील, अशीही एक शक्यता मी नोंदवली. हे आता सांगताना मला लाज वाटते, पण नोंदवली.

मागे झाडूचा आवाज येत होता. अण्णा रविवारचा लाकडाचा भुसा गोळा करत होते. मी म्हटलं, राहू द्या, पाय दुखेल. त्यांनी ऐकलं नाही. सगळा भुसा वर्तमानपत्रावर भरला, त्याची पुरचुंडी बांधली आणि ती आणून माझ्या अहवालावर ठेवली.

"घे. सापडली तुझी घट."

मी पुरचुंडी सोडून पाहिली. आत नुसता भुसा.

"अरे, पात्याला जाडी असते. ते जिथून जातं तिथलं लाकूड राहतं का? तीन काप घेतलेस, तीनदा खाल्लं त्याने."

दोन पूर्णांक दोन. गुणिले तीन. टेपवर साडेसहाच दिसणार. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. बावीस वर्षं घट शोधणारा माणूस मी, आणि चोराचं माप खिशात घेऊन गावभर चोर शोधत होतो.

अण्णा खुर्चीवर बसले, हळूहळू, एक हात टेकून. म्हणाले, "माझ्या दुकानात लोक कापड द्यायचे आणि शिवून झालं की विचारायचे, उरलेलं कुठे गेलं? शिवणीत जातं, दुमडीत जातं, तिरक्या कापात जातं. कोणाकोणाला सांगणार? मी सगळ्या चिंध्या अशाच पुरचुंडीत बांधून द्यायचो. काही जण त्यासुद्धा मोजून घ्यायचे."

"राग यायचा तुम्हाला?"

"कपडे मी त्यांचेही चांगलेच शिवायचो. पण त्या माणसाला पुन्हा कधी बस म्हणालो नाही." मग म्हणाले, "तुमचे मिस्त्री चहा न पिता गेले म्हणे."

हिने सांगितलं होतं, आणखी कोण सांगणार? पण मला तिचा राग आला नाही. मला माझीच शरम वाटली. माझ्या वडिलांच्या दुकानात येऊन जो माणूस चिंध्या मोजून न्यायचा, तो मीच होतो.

मंगळवारी मिस्त्रींच्या कामाच्या जागी गेलो. ते एका दाराला रंधा मारत होते. मी उभाच राहिलो. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"माझं चुकलं, मिस्त्री. तीनच प्लाय लागतात."

त्यांनी रंधा थांबवला नाही. "किती कमी आलं?"

"साडेसहा."

"मशीन नवीन, हात नवीन, आणि साडेसहाच?" आता त्यांनी वर पाहिलं. "मग बरं कापलंत. बसा."

मी बसलो. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

सेक्रेटरींनी अर्जावर मिस्त्रींचं नाव बघताच 'दुरुस्ती' या रकान्यात बरोबरची खूण केली आणि रोज सकाळी नऊ ते सहा, अशी परवानगी उभ्या उभ्या दिली. बुधवारपासून मिस्त्री कामाला लागले. रुळावरच्या करवतीकडे त्यांनी आधी जरा तिरक्या नजरेने पाहिलं, दोन्ही रुळांच्या जोडावरून नख फिरवलं, मग माझ्या कापांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काप सरळ आहे." ही दाद मी हिला तीनदा सांगितली. मिस्त्रींनी तीन दिवसांत सहा वेळा चहा घेतला. शेवटच्या दिवशी म्हणाले, "तिसऱ्या प्लायचं उरलेलं कोपऱ्यात ठेवलंय. मोजायचं असेल तर मोजा." मी कानाला हात लावला. नंतर कोपऱ्यावरून जाता जाता नजर टाकली, ही गोष्ट वेगळी. सगळं होतं.

शुक्रवारी दुपारी कपाट कोपऱ्यात उभं राहिलं. फूटभर खोल, सात फूट उंच, अंगावर बेतून शिवल्यासारखं. अण्णांनी दार उघडलं, लावलं, परत उघडलं. आतल्या फळीवरून तळहात फिरवला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले आणि दार लावून पलंगावर बसले. पिशवी खालीच होती. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

आम्ही दोघं स्वयंपाकघरात येऊन उभे राहिलो. मिस्त्री आत हत्यारं आवरत होते, त्याचा आवाज येत होता. एवढ्यात अण्णा दारात आले.

"त्याला कुलूप नाही."

"कुलूप कशाला, अण्णा? घरातलं कपाट. कोण हात लावणार आहे?"

"तू."

"मी?"

"तू सगळं उघडून मोजत असतोस. मला नाही चालायचं. मिस्त्री आहेत तोवर कुलूप बसवून घे." आणि ते खोलीत निघून गेले.

मला फार लागलं. बावीस वर्षं मी लोकांवर नजर ठेवली, पण माझ्यावर संशय घ्यायची कोणाची छाती झाली नव्हती. घेतला तो कोणी, तर जन्मदात्याने! मी हिला म्हणालो, "ऐकलंस? मी त्यांच्या कपड्यांना हात लावणारा माणूस आहे का? माझ्यावर विश्वास नाही यांचा. स्वतःच्या मुलावर विश्वास नाही!"

वळून पाहिलं तर हिचे डोळे भरलेले.

"अहो," ती म्हणाली, "सकाळी जाणारा पाहुणा कुलूप मागतो का?"

मी तसाच चपला घालून दुकानात गेलो. मला पाहताच दुकानदाराने चष्मा चढवला. "आता काय कमी आलं?"

"काही नाही. कपाटाला बसवायचं कुलूप द्या. लवकर."

मिस्त्रींनी अर्ध्या तासात कुलूप बसवलं. अण्णांनी आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आतून चेन उघडल्याचा आवाज आला. ती बंद झाल्याचा आवाज काही आला नाही. बऱ्याच वेळाने किल्ली फिरली आणि अण्णा बाहेर आले. कुलपाबरोबर दोन किल्ल्या होत्या. एक त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली. दुसरी सुनेच्या हातात ठेवली.

"ही तुझ्याकडे असू दे, पोरी. म्हातारपणी हरवतात वस्तू. कधी लागेल."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी कुलपाचा रिकामा खोका उचलला आणि उलटा करून झटकला. दोनच होत्या.